बाप्तिस्म्यासाठी देहदंड : फेलिक्स मान्झ आणि झुरिकची नगरपरिषद (१५२३–१५२७)

५ जानेवारी १५२७ रोजी, शनिवारी दुपारी, झुरिकच्या नगरपरिषदेच्या हुकमावरून फेलिक्स मान्झ या हिब्रू भाषेच्या अभ्यासकाला लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. त्याचे वय तिशीच्या आसपास होते. त्याने कोणाचा जीव घेतला नव्हता की शस्त्र उचलले नव्हते. ज्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, तान्हेपणीच उरकलेला होता अशा जाणत्या माणसांना त्याने त्यांच्या इच्छेने पुन्हा बाप्तिस्मा दिला, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप होता. रोमशी नाते तोडून ज्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती, बायबल हाच धर्माचा एकमेव आधार असे जे जाहीरपणे सांगत होते, त्या प्रॉटेस्टंट शहराने त्याच बायबलाचा आधार घेणाऱ्या आपल्याच माणसाला का मारले, हा या अभ्यासाचा विषय आहे. पहिला पुनर्बाप्तिस्मा होण्याच्या सव्वा वर्ष आधीच दोन्ही बाजूंमध्ये फूट पडलेली होती आणि नगरपरिषदेचा धर्मातला अधिकार हे तिचे कारण होते, असे माझे मत या प्रकरणातला घटनाक्रम पाहून झाले आहे. बाप्तिस्मा हे त्या फुटीचे उघड झालेले रूप होते.

शहर, परिषद आणि झ्विंगली

झुरिक हे स्विस संघातले एक स्वायत्त नगरराज्य होते. १३३६ पासून तिथल्या कारभारात कारागिरांच्या श्रेणींना वाटा होता. रोजचा कारभार लहान परिषद पाही आणि महत्त्वाचे निर्णय ‘दोनशेंची परिषद’ म्हणून ओळखली जाणारी मोठी परिषद घेई. शहराची वस्ती काही हजारांची असली तरी भोवतालची पुष्कळ गावे त्याच्या अमलाखाली होती. या गावांमधून दशमांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, चर्चच्या नावाने वसूल होई आणि त्यातला बराचसा शहरातल्या मठांकडे व धर्मसंस्थांकडे जाई. गावचा पाळक कोणी नेमायचा आणि दशमांश कोणाच्या पदरात पडायचा, हे प्रश्न त्यामुळे श्रद्धेचे होते तितकेच सत्तेचेही होते.

उलरिक झ्विंगली १५१९ च्या आरंभी ग्रोसम्युन्स्टर या मुख्य चर्चमध्ये उपदेशक म्हणून रुजू झाला. ठरवून दिलेले उतारे बाजूला ठेवून त्याने मत्तयकृत शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून ओळीने समजावून सांगायला सुरुवात केली. १५२२ च्या उपासकाळात क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी काही जणांनी सॉसेज खाऊन उपासाचा नियम मोडला. झ्विंगली तिथे हजर होता, त्याने स्वतः खाल्ले नाही, पण नंतर व्यासपीठावरून खाणाऱ्यांची बाजू घेतली. जानेवारी १५२३ मध्ये नगरपरिषदेने जाहीर वादसभा बोलावली, कॉन्स्टन्सच्या बिशपाच्या प्रतिनिधींना समोर बसवले आणि शेवटी झ्विंगलीने आपला उपदेश असाच चालू ठेवावा असा निर्णय दिला. धर्माच्या वादात बिशपाला साधे पक्षकार ठरवून न्यायाधीशाची जागा नगरपरिषदेने घेतली होती. सुधारणावाद्यांना त्या दिवशी याचा आनंदच झाला, कारण निकाल त्यांच्या बाजूचा होता.

झ्विंगलीभोवती जमलेल्या तरुणांमध्ये कॉनराड ग्रेबेल आणि फेलिक्स मान्झ हे दोघे होते. ग्रेबेल हा परिषदेतल्या याकोब ग्रेबेल या वजनदार सदस्याचा मुलगा, व्हिएन्ना आणि पॅरिसला शिकून आलेला. मान्झ हा ग्रोसम्युन्स्टरच्याच एका धर्माधिकाऱ्याचा मुलगा. त्या वर्गाला विवाहाची मुभा नसल्याने विवाहाबाहेर जन्मलेला, पण लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तिन्ही भाषांत तयार झालेला. मूळ भाषांतून शास्त्र वाचण्याची गोडी या दोघांनी झ्विंगलीच्या संगतीतच जोपासली. त्याच सुमारास आंद्रेआस कास्टेलबर्गर हा कुबड्यांच्या आधाराने चालणारा पुस्तकविक्रेता सामान्य लोकांसाठी बायबलवाचनाचे वर्ग चालवत होता. शास्त्र आपण स्वतः वाचू शकतो हे कळलेली माणसे शहरात अशी वाढत होती.

ऑक्टोबर १५२३

२६ ते २८ ऑक्टोबर १५२३ या तीन दिवसांत दुसरी वादसभा झाली. सुमारे नऊशे माणसे जमली होती. मूर्ती आणि मिस्सा (कॅथलिक चर्चचा मुख्य उपासनाविधी) या दोन्ही गोष्टी शास्त्राला धरून नाहीत, याबद्दल सुधारणावाद्यांत मतभेद नव्हता. त्या कधी आणि कशा बंद करायच्या, हे नगरपरिषद ठरवील, असे झ्विंगलीने सांगितले तेव्हा सिमॉन श्टुम्फ हा ह्योंग गावचा पाळक उठला आणि म्हणाला, की हा निर्णय परिषदेच्या हाती देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. निर्णय झालेला आहे आणि तो देवाच्या आत्म्याने दिलेला आहे. झ्विंगलीने उत्तर दिले, की सत्य काय याचा निवाडा परिषद करत नाही, ते आचरणात कसे आणावे एवढेच ती ठरवते.

हे उत्तर पोकळ नव्हते. घाईने मिस्सा बंद केली तर अर्धे शहर बिथरेल, दंगा होईल आणि शेजारचे कॅथलिक प्रांत त्याचे निमित्त करून चाल करून येतील, ही त्याची भीती खरी होती. पण या भूमिकेचा दुसरा अर्थही निघत होता : देवाची आज्ञा स्पष्ट आहे हे मान्य केल्यावरही ती पाळण्याची वेळ सरकार सांगेल. मिस्सा प्रत्यक्षात एप्रिल १५२५ पर्यंत चालूच राहिली. ग्रेबेल आणि मान्झ यांच्या मनातला झ्विंगलीवरचा विश्वास ओसरला तो याच काळात. सप्टेंबर १५२४ मध्ये ग्रेबेलने आपल्या साथीदारांच्या वतीने टोमास म्युन्ट्सर या जर्मन उपदेशकाला लांब पत्र लिहिले. शुभवर्तमानाचे आणि ते मानणाऱ्यांचे रक्षण तलवारीने करू नये, असे त्या पत्रात त्याने स्पष्ट बजावले होते. म्युन्ट्सर पुढे शेतकऱ्यांच्या सशस्त्र उठावात उतरला. झुरिकच्या मंडळींना त्याच्याच माळेत ओवणारे टीकाकार हे पत्र विसरतात.

बाप्तिस्मा हा सरकारी प्रश्न कसा झाला

त्या काळी जन्माची सरकारी नोंद नव्हती. बाळाला बाप्तिस्मा मिळाला की ते चर्चचे झाले आणि त्याच क्षणी गावाचेही झाले. गाव आणि मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, या एकाच समूहाच्या दोन बाजू होत्या. जो बाप आपल्या मुलाला बाप्तिस्मा देत नाही, तो त्या मुलाला गावाबाहेर ठेवतो, असे परिषदेला वाटे. बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्यांचा मुद्दा उलट होता : नव्या करारात आधी ऐकणे, मग विश्वास ठेवणे आणि मग बाप्तिस्मा असा क्रम आहे, तान्ह्या मुलाला यातले पहिले दोन्ही शक्य नाही, म्हणून ख्रिस्ताची मंडळी जन्माने बनत नाही, ती स्वेच्छेने आलेल्यांची बनते. हे मान्य केले असते तर शहरात दोन समूह झाले असते, एक नागरिकांचा आणि एक विश्वासणाऱ्यांचा, आणि दुसऱ्यावर परिषदेचा हुकूम चालला नसता. झ्विंगलीने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, की मुले कळती होईपर्यंत बाप्तिस्मा न देणे बरे असे काही वर्षांपूर्वी त्यालाही वाटले होते.

१५२४ मध्ये विटिकॉन आणि झॉलिकॉन या खेड्यांतल्या काही पालकांनी मुलांचा बाप्तिस्मा थांबवला. १७ जानेवारी १५२५ ला यावर वाद झाला आणि दुसऱ्याच दिवशी फर्मान निघाले : ज्यांनी मुलांना बाप्तिस्मा दिलेला नाही त्यांनी आठ दिवसांत तो द्यावा, नाहीतर बायकामुलांसह आणि चीजवस्तूंसह प्रदेश सोडावा. २१ जानेवारीच्या हुकमाने ग्रेबेल आणि मान्झ यांच्या सभांना बंदी झाली आणि कास्टेलबर्गरसह बाहेरून आलेल्या चौघांना हद्दपारी मिळाली. परंपरेने चालत आलेल्या वृत्तान्तानुसार त्याच दिवशी संध्याकाळी काही माणसे मान्झच्या आईच्या घरी, ग्रोसम्युन्स्टरच्या अगदी जवळ, जमली. प्रार्थना झाल्यावर ग्राउब्युंडेनकडून आलेला गेओर्ग ब्लाउरॉक नावाचा माजी धर्मगुरू गुडघे टेकून बसला आणि त्याने ग्रेबेलकडे बाप्तिस्मा मागितला. मग त्याने इतरांना दिला.

पुढच्या आठवड्यात झॉलिकॉनमध्ये काय घडले, ते आरोपींच्या आणि साक्षीदारांच्या जबानीतून आपल्याला तपशिलाने कळते. एका शेतकऱ्याच्या घरात सगळे जमले होते. बायबलमधला उतारा वाचला गेला. हान्स ब्रुगबाख नावाचा माणूस उभा राहिला आणि आपण मोठे पापी आहोत असे म्हणत रडू लागला. तुम्ही माझ्यासाठी देवाजवळ प्रार्थना करा, असे त्याने विनवले. देवाची कृपा हवी आहे का, असे ब्लाउरॉकने विचारले. तो हो म्हणाला. तेव्हा मान्झ उठला आणि याला बाप्तिस्मा देण्यास मला कोण अडवणार, असे त्याने विचारले. कोणीही नाही, असे ब्लाउरॉक म्हणाला. मान्झने स्वयंपाकघरातला पाण्याचा ओगराळा घेतला आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याच्या डोक्यावर पाणी ओतले. ना चर्चची इमारत, ना पगारी पाळक, ना परिषदेची परवानगी. मंडळी स्थापन होण्यासाठी लागणारे सारे काही त्या खोलीत आहे, अशी त्या माणसांची खात्री होती. मला हा प्रसंग त्या संपूर्ण लढ्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात कोणाला आव्हान देण्याचा आवेश नाही, तरीही राजमान्य चर्चच्या प्रत्येक अटीवाचून इथे काम भागते आहे.

सगळेच प्रसंग असे शांत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ब्लाउरॉकने झॉलिकॉनच्या चर्चमध्ये उपासनेच्या वेळी उठून पाळकाला अडवले आणि उपदेशासाठी तू नव्हे, मी पाठवलेला आहे, असे सुनावले. हातातली काठी त्याने बाकावर आपटली. जून १५२५ मध्ये झॉलिकॉनचे लोक झुरिकच्या रस्त्यांवरून शहराच्या नाशाची भविष्यवाणी ओरडत फिरले. ज्या मंडळींना आपल्या सभेत सरकारचा हस्तक्षेप नको होता, त्यांनी दुसऱ्यांच्या उपासनेत असा व्यत्यय आणणे त्यांच्याच तत्त्वाला सोडून होते.

दंड, कोठडी, मृत्यू

३० जानेवारीला झॉलिकॉनचे शेतकरी, मान्झ आणि ब्लाउरॉक यांना पकडून ऑगस्टिनियन मठात ठेवण्यात आले. शेतकरी जामिनावर सुटले. त्यानंतर अटक, समज, दंड, सुटका आणि पुन्हा अटक असे चक्र सुरू झाले. ६ ते ८ नोव्हेंबर १५२५ या काळात पुन्हा वादसभा झाली. सभागृह अपुरे पडल्याने ती ग्रोसम्युन्स्टरमध्ये हलवावी लागली. निकाल ठरलेलाच होता. मार्च १५२६ मध्ये ग्रेबेल, मान्झ, ब्लाउरॉक आणि त्यांच्या बरोबरच्या स्त्री-पुरुषांना केवळ पाणी-भाकरीवर बुरुजात कायमचे डांबण्याची शिक्षा झाली आणि ७ मार्चला फर्मान निघाले, की यापुढे जो पुनर्बाप्तिस्मा देईल त्याला बुडवून मारले जाईल. दोनच आठवड्यांनी एका उघड्या राहिलेल्या खिडकीतून कैदी दोराने उतरून पळाले. आता जायचे कुठे याची बोलणी चालली असताना त्यांच्यातले कोणी म्हणाले, की समुद्रापलीकडच्या तांबड्या इंडियनांकडे जाऊ. ग्रेबेल त्याच उन्हाळ्यात माइनफेल्डला प्लेगने वारला. १९ नोव्हेंबर १५२६ ला फर्मान आणखी कडक झाले : पुनर्बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या सभांतून उपदेश ऐकणेही आता मृत्युदंडाच्या कक्षेत आले. पुढच्याच महिन्यात मान्झ आणि ब्लाउरॉक ग्र्युनिंगेन भागात पकडले गेले.

मान्झवरचा निकाल बारकाईने वाचण्याजोगा आहे. ख्रिस्ती व्यवस्थेविरुद्ध त्याने पुनर्बाप्तिस्मा चालवला, हे पहिले कारण. ज्यांना ख्रिस्ताला स्वीकारून त्याच्यामागे चालायचे आहे त्यांना एकत्र करून बाप्तिस्म्याने त्यांच्याशी जोडले जावे आणि बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या विश्वासाप्रमाणे राहू द्यावे, असे आपण म्हणालो होतो, हे त्याने कबूल केले, हे दुसरे. त्यामुळे तो आणि त्याचे साथी ख्रिस्ती चर्चपासून वेगळे झाले आणि स्वतःचा पंथ उभारू पाहत होते. देहान्त शिक्षेला त्याने विरोध केला, हेही त्यात आले. अशा शिकवणुकीतून सरकारविरुद्ध बंड आणि सार्वजनिक शांततेचा भंग होतो, असा निष्कर्ष काढून पुढे शिक्षेची कृती लिहिली आहे : जल्लादाने त्याचे हात बांधावेत, नावेत घालून खालच्या झोपडीपाशी न्यावे, बांधलेले हात गुडघ्यांवरून खाली ओढावेत, हात आणि गुडघे यांच्यामधून काठी घालावी आणि तसेच पाण्यात ढकलावे. मालमत्ता सरकारजमा.

बाकीच्यांना त्यांच्या विश्वासाप्रमाणे राहू द्यावे, ही भूमिका निकालपत्रात गुन्ह्याच्या पुराव्यात मोडते! मान्झने झुरिकवर आपले मत लादण्याचा प्रयत्न केला असता तर परिषदेला त्याच्याशी कसे वागायचे हे ठाऊक होते. सत्तेसाठी झगडणारे पक्ष तिने पाहिलेले होते. सत्ता न मागता केवळ वेगळे होऊ देण्याची मागणी तिच्या कोणत्याही चौकटीत बसत नव्हती, म्हणून तिला बंड हेच नाव द्यावे लागले.

झ्विंगलीचा वारस हाइनरिक बुलिंगर हा पुनर्बाप्तिस्मावाद्यांचा कट्टर विरोधक होता आणि तरीही मान्झच्या धैर्याची नोंद त्यानेच ठेवली आहे. नदीच्या पात्रातच उभ्या असलेल्या वेलेनबर्ग बुरुजातून मान्झला मासळीबाजाराकडे आणले गेले. सत्यासाठी मरण येत आहे म्हणून तो वाटेत देवाची स्तुती करत होता. एक पाळक शेजारून त्याला मत बदलण्याची गळ घालत होता, तर त्याची आई आणि भाऊ त्याला ठाम राहा म्हणून सांगत होते. हात बांधले जात असताना त्याने ‘हे प्रभो, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो’ हे लॅटिन वचन गायले. त्याच दिवशी ब्लाउरॉकला, तो झुरिकचा रहिवासी नसल्याने, उघड्या अंगावर फटके मारत शहराच्या वेशीपर्यंत नेऊन हाकलून दिले. सप्टेंबर १५२९ मध्ये टिरोलमधल्या क्लाउझेन इथे कॅथलिक सत्तेने त्याला जाळले.

परिषदेची बाजू

परिषद क्रूर माणसांची होती असे म्हणून हे प्रकरण मिटत नाही. १५२५ च्या वसंतात जर्मन प्रदेशात शेतकऱ्यांचे युद्ध पेटले होते आणि झुरिकच्याच अमलाखालच्या ग्र्युनिंगेनमध्ये शेतकऱ्यांनी र्‍युटीच्या मठावर हल्ला केला होता. पुनर्बाप्तिस्म्याची चळवळ नेमकी याच भागात पसरली. दशमांशाबद्दलचा असंतोष आणि पाळक निवडण्याचा हक्क या मागण्या दोन्हीकडे ऐकू येत होत्या. शिवाय या मंडळींतल्या अनेकांचा शपथ घेण्याला आणि ख्रिस्ती माणसाने अधिकारपद धारण करण्याला विरोध होता, आणि स्विस नगरराज्याची सारी वीण शपथेने घातलेली होती : नागरिक शपथ घेत, संघातले प्रांत एकमेकांशी शपथेने बांधलेले असत. बाहेरून कॅथलिक प्रांत झुरिकला पाखंडी ठरवायला टपलेले होते. पुनर्बाप्तिस्म्याला मृत्युदंड ही तर जुन्या रोमन साम्राज्याच्या कायद्यातली तरतूद होती, आणि ती न वापरणे म्हणजे आरोप मान्य करणे, असा सल्ला देणारे असणारच. १५२९ मध्ये श्पायरला भरलेल्या पवित्र रोमन साम्राज्याच्या (त्या काळच्या जर्मन साम्राज्याच्या) सभेने पुनर्बाप्तिस्म्याला सर्वत्र मृत्युदंड ठरवला तेव्हा कॅथलिक आणि लूथरपंथी या दोघांचाही त्याला पाठिंबा होता.

हे सगळे तोलूनही परिषदेचा निर्णय मला समर्थनीय वाटत नाही, आणि त्याचे कारण आजच्या काळाच्या मोजपट्टीत शोधण्याची गरज नाही. जानेवारी १५२३ मध्ये याच परिषदेने बिशपापुढे असा दावा केला होता, की शास्त्रावाचून दुसरा कोणताही अधिकार आम्ही मानत नाही. मान्झने डिसेंबर १५२४ मध्ये परिषदेला लेखी निवेदन देऊन हेच मागितले होते : झ्विंगलीने आपले म्हणणे शास्त्रातून लेखी मांडावे, आम्ही लेखी उत्तर देऊ. उत्तराऐवजी फर्मान आले. शहराने स्वतः घालून दिलेला नियम शहराने मोडला.

पुढे काय झाले

१५३२ पर्यंत लिम्मातमध्ये एकूण सहा जणांना बुडवण्यात आले. झ्विंगली स्वतः ऑक्टोबर १५३१ मध्ये कापेलच्या रणभूमीवर कॅथलिक प्रांतांशी लढताना मारला गेला. १५२६ पासून झुरिकच्या गावांतून बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवणे सक्तीचे झाले, कारण कोणाच्या मुलाचा बाप्तिस्मा राहिला हे कळल्याशिवाय कारवाई करता येत नव्हती. धर्मभेद शोधण्यासाठी सुरू झालेल्या या वह्या आज वंशावळी शोधणाऱ्यांच्या कामी येतात. पुनर्बाप्तिस्मावाद्याला झुरिकमध्ये दिलेला शेवटचा देहदंड हान्स लान्डिस या शेतकऱ्याला १६१४ मध्ये झाला. त्यानंतर तुरुंग, मालमत्ताजप्ती आणि हद्दपारी या मार्गांनी छळ चालू राहिला. कुटुंबे आल्सेस, जर्मनीतला पॅलॅटिनेट आणि तिथून पुढे पेनसिल्व्हेनियाला गेली. आजच्या पुनर्बाप्तिस्मावादी पंथांपैकी आमिश लोक आणि मेनोनाइटांमधला मोठा गट याच स्विस शाखेतून आलेला आहे. १८९९ मध्ये, दुष्काळाच्या काळात, अमेरिकी मेनोनाइट मिशनरी धमतरीला आले. तो भाग तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता.

२६ जून २००४ रोजी झुरिकच्या रिफॉर्म्ड चर्चने पुनर्बाप्तिस्मावाद्यांच्या वारसांना बोलावून जाहीर कबुली दिली, की तो छळ आपल्या आजच्या समजुतीनुसार शुभवर्तमानाशी द्रोह होता आणि या बाबतीत आपले पूर्वज चुकले. लिम्मातच्या काठावर त्या दिवशी बसवलेल्या शिलालेखावर मान्झ आणि लान्डिस यांची नावे आहेत. कबुली चर्चने दिली. पण १५२७ चा निकाल नगरपरिषदेचा होता आणि मालमत्ताही तिनेच जप्त केली होती. झुरिकमध्ये आजही रिफॉर्म्ड चर्चला कायद्याने सार्वजनिक संस्थेचा दर्जा आहे आणि त्याच्यासाठी चर्चकर आकारला जातो. मान्झच्या वारसांच्या मंडळ्या मात्र आपल्या सदस्यांच्या वर्गणीवर चालतात.